निळ्या जीपवर हिरवी फिल्म

ज्यांनी परतवाड्याबाहेरचा तो माळ पाहिला नाही, त्यांचं काही बिघडलं नाही. मी पाहिला आणि तेव्हापासून माझं डोकं तापलं आहे ते अजून निवलेलं नाही. माणसं मनालीला जाऊन येतात आणि बर्फ सांगतात. मी अकोला जिल्ह्यातून निघून अमरावती जिल्ह्यात गेले आणि परत आले, एवढाच माझा प्रवास. वाटेत सोयाबीन, कपाशी, तूर आणि पुन्हा सोयाबीन. पण एवढ्याशा प्रवासात मला कळलं की जीप हिरवी असली तर तो रंग असतो, काळी असली तर रुबाब असतो, भगवी असली तर श्रद्धा असते आणि निळी असली तर राजकारण असतं. ज्यांना हे आधीच माहीत आहे त्यांनी खुशाल हसावं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते आहे.

बार्शीटाकळी

प्रशील माझा आतेभाऊ. बार्शीटाकळीत रस्त्याला लागून त्याचं पत्र्याचं शेड आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडतो, वाकलेले फाळ सरळ करतो. पण त्याचा खरा हात जीपच्या बॉडीवर. पूर्वी खेड्यापाड्यात सवारी नेणाऱ्या काळीपिवळ्या जीपा त्याच्याकडंच बांधायला यायच्या. मग लोकांनी हप्त्यावर मोटरसायकली घेतल्या, काळीपिवळ्या भंगारात गेल्या आणि प्रशीलचं काम त्यांच्यासोबत गेलं. चाकणला ठेकेदाराकडं लागलेला त्याचा एक दोस्त सारखा फोन करतो, "ये बे, अठी शेड नाही न भाडं नाही, निस्ता हजेरी लाव." प्रशील म्हणतो, पाहू. आत्या म्हणते, हा गेला की शेड गेलं, आणि शेड गेलं की हा परत येत नाही.

अशात त्याला अमरावतीहून फोन आला. तिथं जीपवाल्यांचा एक क्लब आहे. खाऊनपिऊन सुखी मंडळी, दर सुट्टीला जीपा घेऊन चिखल शोधत फिरतात. आम्ही जन्मभर चिखल चुकवत चालतो, हे लोक डिझेल जाळून त्याच्यात जातात, असो. त्यांच्यातल्या एकाची गाडी पातूरच्या घाटात मोडली होती, ती प्रशीलनं रस्त्यावरच जोडून दिली होती. ते काम क्लबच्या पुढाऱ्यानं पाहिलं. त्याला सगळे बंटीदादा म्हणतात. बंटीदादा फोनवर म्हणाले, "परतवाड्याला आपला मेळावा आहे. तुझी स्वतःची गाडी घेऊन ये. आमच्या लोकांना काम दिसू दे. पसंत पडलं तर समज सगळ्या क्लबच्या गाड्या तुझ्याकडं."

स्वतःची गाडी प्रशीलकडं होती. एका ठेकेदाराच्या गोठ्यामागं पडलेली जीप त्यानं आणली होती, तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. आल्या-गेल्या कामातून वेळ काढून त्यानं ती पुन्हा उभी केली. दसऱ्याला आत्याला तिच्यातून नागपूरला दीक्षाभूमीवर न्यायचं, हा बेत.

आता एका जीपवर तीन माणसांची आवड कशी बसवायची? आत्याला पायदान पाहिजे होतं, कारण तिचे गुडघे गेले आहेत. धरायला दांडी पाहिजे. मागच्या सीटा समोरासमोर पाहिजेत, कारण "समोरच्याचं डोस्कं पाहत मी नागपूरले जात नाही, तोंड पाहून बोलत जातो." प्रशीलला यातलं काहीच नको होतं. त्याला गाडी नागडी, साफ आवडते. वेल्डिंग घासून असं करतो की बोट फिरवलं तर सांधा लागत नाही. आणि मला? मी अकोल्यात एका संघटनेची पत्रकं लिहिते. वसतिगृहाचं निकृष्ट जेवण, बंद पडलेल्या एसटीच्या फेऱ्या, यावर. मला एवढं मोठं बॉनेट मोकळं दिसलं की हात शिवशिवतो.

"एकच ओळ लिहू दे," मी म्हटलं.

"ताई, भिंत येगळी न गाडी येगळी."

"मग रंग?"

"रंग निळाच. मायले इचारलं होतं, तिनं निळा सांगतला. झालं."

मी त्याच्यावर चिडले होते, हेही इथं लिहून ठेवते. निळा मारायचा आणि बोलायचं नाही, हे मला भित्रेपणाचं वाटलं. पण रंग मात्र असा चढला होता की शेडमधून गाडी बाहेर काढली तेव्हा समोरचा चहावाला गाळणी हातात घेऊन उभाच राहिला. रंगाला आठवडाही झाला नव्हता.

निघण्याआधी प्रशीलनं मला एक अट घातली. "तू ये. माय तुह्याशिवाय येत नाही. पन तठी तोंड उघडू नको. माहं काम पाह्यले देऊन रायले ते लोक. समजलं न?"

"समजलं."

"समजलं म्हन्ते, न करते आपल्या मनाचंच," आत्या पायदानावर पाय ठेवत म्हणाली.

पातूर

परतवाडा उत्तरेला आणि आम्ही आधी दक्षिणेला पातूरला गेलो, कारण गाडीचा हुड, म्हणजे वरचं रेक्झिनचं छप्पर, तिथं शिवायला टाकला होता. रफीकचाचांचं रेक्झिनचं दुकान आहे. काळीपिवळ्यांच्या काळात आख्ख्या तालुक्याचे हुड त्यांनी शिवले. त्यांची आवड प्रशीलच्या उलट. त्यांनी हुडाला चारी बाजूंनी चांदीसारखी चकचकीत झालर लावून ठेवली होती.

"चाचा, झालर कोनी सांगतली?" प्रशीलचा आवाज रडकुंडीचा.

"बेटा, बिना झालरची गाडी म्हंजे बिना मिशाचा दूल्हा. मी विचारलं नाही, लावून देली. पैसे नको देऊ झालरचे."

"काढा."

"काढतो कशाले? चांगली दिसते," आत्या म्हणाली आणि चाचांनी तिच्याकडं असं पाहिलं, जसा काही कोर्टानं जामीन दिला. झालर राहिली.

मला पातूरचा रस्ता आवडतो तो याच्यासाठी. एकेका जुन्या गाडीला पितळी डोळे, आरशाच्या तुकड्यांची वेलबुट्टी, मागं मोर, बाजूला पोरीचं नाव, हॉर्न असा की म्हैस रस्ता सोडून शेतात जाते. पुण्याचे लोक याला भडक म्हणतात. म्हणू दे. कोणाचा काय शौक असावा हे दुसऱ्यानं सांगू नये, हे माझं मत पातूरपर्यंत पक्कं होतं. पुढं परतवाड्याला ते मत मीच मोडलं, ते सांगतेच.

पातूरच्या लेण्यांच्या पायथ्याशी गाडी उभी करून आम्ही जेवलो. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, कांदा. आत्याला वर चढवत नाही, म्हणून ती खालूनच लेण्यांकडं हात जोडून बसली. प्रशील सगळा वेळ गाडीभोवती फिरत होता. हुडाची सावली रंगावर कशी पडते ते पाहत होता. मी इतक्या वर्षांत त्याला असं खूश पाहिलं नव्हतं, म्हणून पुढचं जास्त लागलं.

अमरावती

मूर्तिजापूर मागं पडल्यावर ढाब्याजवळ पोलिसानं हात दाखवला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि पायदानाला बूट लावून विचारलं, "हे काय लावलं?"

"पायदान आहे साहेब. मायले चढाले."

"हे कंपनीचं नाही. गाडीत फेरफार करता येत नाही, मालूम नाही का?"

तेवढ्यात मागून तीन जीपा आल्या. टायर माझ्या छातीपर्यंत, पुढं लोखंडी बंपर एवढा की त्याच्यावर पंगत बसेल, टपावर दिव्यांची रांग, बाजूनं हत्तीच्या सोंडेसारखा पाइप. तिन्हीवर क्लबचं चिन्ह. पोलिसानं त्यांना हातानंच पुढं जा म्हटलं, आणि हसला. फेरफार! त्या गाड्यांत कंपनीचा फक्त नंबर उरला असेल. माझी जीभ तोंडात वळवळली. प्रशीलनं आरशातून डोळे मोठे केले. मी गप्प बसले. आत्या बसली नाही. "लेकरा, तुही माय एसटीत कशी चढते रे?" तिनं पोलिसाला विचारलं. तो पोरगाच होता. त्यानं आम्हाला सोडलं.

मुक्कामाला अमरावतीत माझ्या मैत्रिणीकडं उतरलो. संध्याकाळी गिला वडा खाल्ला. दह्यात बुडालेला, वर तिखट. अकोल्यात असा मिळत नाही हे अकोलेकर म्हणून जड मनानं कबूल करते. आत्यानं दोन प्लेटी खाल्ल्या आणि म्हणाली, "अमरावतीचे लोक वडा गिला करते न बोलते कोरडं." दुसऱ्या दिवशी हेच खरं ठरलं.

परतवाडा

परतवाड्याच्या अलीकडं सपाटी संपते आणि समोर मेळघाटचे डोंगर उभे राहतात. पाऊस नुकताच गेल्यामुळं डोंगर असे हिरवे की अंगावर येतील. पायथ्याच्या एका खाजगी माळावर क्लबनं दोरी बांधून मैदान केलं होतं. मधून नाला, त्याच्यात टँकरनं पाणी सोडून चिखल केलेला. ज्या तालुक्यात मार्चपासून बायका टँकरमागं पळतात, तिथं टँकरनं चिखल! मी काही बोलले नाही. अट.

जीपाच जीपा. आणि खरं सांगायचं तर नव्वद टक्के एकाच आईच्या वाटाव्या अशा. सैन्यातला हिरवा नाहीतर बिनचमकेचा काळा. डबे, कुऱ्हाडी, फावडी बाहेर लटकवलेली, जणू उद्या लढाईला निघणार. आत्या एका जीपसमोर थांबली.

"याले सोंड काहून लावली?"

"मावशी, पाण्यातून जाताना इंजिनला हवा पाहिजे ना," मालक प्रेमानं म्हणाला.

"मंग पान्यातून जाता काहून? पूल आहे न तठी."

तोही हसला, आम्हीही हसलो. इथपर्यंत सगळं चांगलं होतं हे मुद्दाम सांगते. लोक निळ्या जीपजवळ आले, वाकून खालून पाहू लागले. एकानं सांध्यावरून बोट फिरवलं आणि दुसऱ्याला बोलावलं, "हे बघ, जोड कुठाय सांग." प्रशील खिशात हात घालून उभा होता आणि कान लाल झाले होते. झालरीला दोघं-तिघं हसले. पायदान पाहून एक जण म्हणाला, "हे नाल्यात अडकणार." त्यात काही चूक नव्हती. प्रशीलनं ते बोल्टवरच बसवलं होतं, पाना घेतला आणि काढून ठेवलं. "मायले मी उचलून बसवतो," म्हणाला.

मग बंटीदादा आले. गोरेपान, गॉगल डोक्यावर, बोलायला गोड. त्यांनी प्रशीलच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला बाजूला नेलं. दोन पावलंच बाजूला; मला सगळं ऐकू येत होतं.

"काम एक नंबर आहे, प्रशील. तोड नाही. फक्त तो निळा... म्हणजे तुला समजतं ना?"

"काय दादा?"

"अरे, फोटो काढतात. प्रायोजक आहेत. आपला क्लब एकदम बिगरराजकीय आहे. उगाच कोणाला वाटेल की..."

"त्याच्यावर काही लिहिलं नाही, दादा."

"मला माहीत आहे रे. माझा काही प्रॉब्लेम नाही. लोकांचं सांगतो. हे बघ, आपल्याकडं फिल्मवाला आहे. गाडीवर हिरवी प्लास्टिकची फिल्म चिकटवतो, दोन तासांचं काम, खर्च माझा. मेळावा झाला की काढून टाकायची. खाली तुझा निळा जसाच्या तसा."

प्रशील हातातला पाना फिरवत राहिला. आणि मी अट मोडली.

मी बंटीदादांना म्हटलं, तुमच्या मागं उभी आहे त्या गाडीवर भगवा झेंडा आहे. त्याच्या शेजारच्या गाडीवर पितळी अक्षरांत आडनाव आहे, मागच्या बाजूनं पण वाचता यावं म्हणून दोनदा. ती तिसरी, तिच्यावर वाघ आहे आणि देवाचं नाव. हे सगळं बिगरराजकीय?

"ताई, ती श्रद्धा आहे."

"आणि हे?"

"हे म्हणजे... तुम्ही समजदार आहात."

"रंगाचा डबा देताना दुकानदारानं आम्हाला पक्ष विचारला नव्हता, दादा. आभाळावर पण फिल्म चिकटवणार का?"

लोक जमले. मी बोलत गेले. तुमची हिरवी गाडी कशी भाड्याच्या शौर्याची आहे, तुमची लढाई टँकरच्या पाण्यात होते, असं बरंच. पातूरचं माझं मत तिथंच पडलं. दुसऱ्याच्या शौकाला नावं ठेवू नये म्हणे. मी तिथं एकेका बंपरला नावं ठेवली. आणि गर्दीतून कोणीतरी हळूच, पण ऐकू येईल एवढं म्हणालं, "झालं. सुरू झालं यांचं."

यांचं. हा शब्द मी शाळेत ऐकला आहे, कॉलेजात स्कॉलरशिपच्या खिडकीवर ऐकला आहे, खोली भाड्यानं घेताना दाराआडून ऐकला आहे. शिवी दिली तर तक्रार तरी करता येते. ‘यांचं’ची तक्रार कुठं करायची?

मी त्या आवाजाकडं वळले तोच प्रशीलनं माझा दंड धरला. "बस झालं, ताई." मग फिल्मवाल्याकडं न पाहता म्हणाला, "लाव."

"प्रशील!"

तो मला गाडीमागं घेऊन गेला. एवढ्या हळू बोलला की ओरडला असता तर बरं झालं असतं. "तुह्या पत्रकानं माह्या शेडचं शटर उघडं राह्यते का? सांग न. राह्यत असन तं आत्ता वापस जाऊ."

रागाला उत्तर लागत नाही, म्हणून राग तेवढा राहिला.

फिल्म लागत होती तेव्हा आत्या लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पाहत होती. क्लबवाल्यांनी तिला कागदी बशीत पास्ता आणून दिला, तो तिनं तसाच मांडीवर धरला होता. फिल्मवाला बॉनेटवरून हिरवा पडदा ओढून कडा आत दाबत होता. आत्या म्हणाली, "मयतावर चादर टाकतात तशी टाकून रायला." कोणाला उद्देशून नाही. प्रशीलनं ऐकलं. तो खाली वाकून नट आवळायला लागला, जो आवळलेलाच होता.

दुपारी हिरवी जीप नाल्यात उतरली. काळ्या मातीचा चिखल म्हणजे गोंद. रुंद टायरवाल्या दोन गाड्या त्याच्यात बसल्या होत्या, त्या दोरीनं ओढून काढाव्या लागल्या. प्रशील हळूहळू गेला, थांबला नाही, चाक फिरू दिलं नाही आणि पलीकडच्या दरडीवरून असा वर आला जशी म्हैस तळ्यातून येते, काही घाई नाही. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. माइकवाला ओरडला, "बार्शीटाकळीचा आपला माणूस!"

आपला. सकाळी ‘यांचं’, दुपारी ‘आपला’. मधे लागली फक्त एक फिल्म.

तीन जणांनी तिथल्या तिथं शब्द दिला. गाडी पाठवतो, बॉडी नवी बांधून दे. पहिले बंटीदादाच. प्रशीलला जे पाहिजे होतं ते मिळालं, हे मला मान्य करावं लागेल. मी मान्य करते, दात खाऊन.

संध्याकाळी फिल्म काढायला घेतली. फिल्मवाल्यानं गरम हवा मारली, कोपरा उचलला आणि ओढला. हिरवी फिल्म आली आणि तिच्या पाठीला निळा रंग आला. भाजलेल्या वांग्याची साल निघते तसा, पापुद्रेच्या पापुद्रे. खाली लाल अस्तर. फिल्मवाला घाबरला. "भाऊ, रंग कच्चा होता का? सांगायचं ना."

सांगायला पाहिजे होतं. रंग कच्चा आहे, याच्यावर काही चिकटवता येत नाही, हे कोणाही रंगाऱ्याला माहीत असतं आणि प्रशीलला तर होतंच. त्या गर्दीत, खांद्यावर बंटीदादांचा हात असताना, त्याच्या तोंडून ते निघालं नाही. मी मोठमोठ्यानं भाषण करत होते, त्यात त्यानं ते कुठं सांगावं?

बंटीदादांना खरंच वाईट वाटलं. तीच तर चीड आहे. हे लोक वाईट नसतात. ते म्हणाले, "आता राहू दे ना मग. पुरी हिरवीच करून टाक. मस्त दिसत होती. रंग मी देतो."

प्रशीलनं उरलेली फिल्म स्वतःच्या हातानं काढली. सगळी. अर्धं बॉनेट लाल झालं तरी थांबला नाही. मग पायदान पुन्हा बसवलं, आत्या चढली, आणि आम्ही निघालो. रस्त्यात लोक वळून पाहत होते. कोणाला वाटलं असेल अपघात झाला. आत्या नेहमी मागं समोरासमोर बसणारी, त्या दिवशी पुढं बसली आणि बार्शीटाकळी येईपर्यंत बॉनेटकडं पाहत राहिली.

बार्शीटाकळी, परत

परत आल्यावर मी अकोल्यात माझ्या कामाला लागले. मेळाव्यावर एक सणसणीत पत्रक लिहायला घेतलं, तीनदा फाडलं. मग आत्याचा फोन आला की त्या तिघांच्या जीपा शेडवर आल्या आहेत. माझा पारा चढला. इतकं होऊन यानं त्या घेतल्या? मी बस पकडून गेले, वाटेत मनात भाषण तयार करत.

शेडच्या बाहेर, उन्हात, ताडपत्र्यांवर तिन्ही जीपा पडल्या होत्या. पडल्या होत्या म्हणजे खोललेल्या. दारं वेगळी, सीटा वेगळ्या, बंपर भिंतीला टेकवलेले, एका गाडीची सोंड काढून बादलीत उभी केलेली, गिअरबॉक्स तेलात. आमच्याकडं मिस्त्र्यांची एक जुनी रीत आहे. गाडी आली की आधी ती खोलून टाकायची, बोलणं मग. गिऱ्हाईकाचा विचार बदलू नये म्हणून. लोक या रीतीला शिव्या देतात. मीही दिल्या आहेत.

शेडच्या आत मात्र एकच गाडी होती. घासून, अस्तर मारून, नव्यानं रंगवलेली. निळी. रंग ओला होता, धूळ बसू नये म्हणून वरचा पंखासुद्धा बंद केला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"काल फोन केला बंटीदादाले न बाकी दोघाइले. सांगतलं, पुढच्या मेळाव्यात माही गाडी निळीच येईन. फिल्म लावून देत नाही. जमत असन तं काम करतो, नसन तं गाड्या न्या."

"मग?"

"एकानं सांगतलं, मले रंगाचं काही नाही, तू काम कर. दुसऱ्यानं फोन ठेवला. तिसरे येऊन रायले."

"आणि दसरा?" मी आत्याला विचारलं. "गाडी वाळेल तोवर?"

"या साली बसनं जाऊ," आत्या म्हणाली. "या बारीनं रंगाले हात लावू देत नाही कोनाले."

तिसरे म्हणजे बंटीदादा, ते आलेच. सोबत ड्रायव्हर, म्हणजे जीप चालवत न्यायचा इरादा होता. मोटारीतून उतरले, ताडपत्रीकडं पाहिलं, आपली जीप ओळखायला त्यांना जरा वेळ लागला.

"प्रशील, हे काय केलंस? मी गाडी न्यायला आलो."

"न्या न, दादा. तुमचीच आहे. जोडून देतो."

"आत्ता जोड."

"आत्ता नाही जमत. आत ओला रंग आहे. मी घासाघिशी चालू केली, ग्राइंडर लावला, तं धूळ उडते न त्याच्यावर जाऊन बसते. ती वाळल्याशिवाय अठी एक बोल्ट हालत नाही."

बंटीदादांनी शेडच्या आत पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडात आख्खं पत्रक होतं, छापायला तयार. प्रशीलनं या वेळी डोळे मोठे केले नाहीत, पण मीच ठरवलं की हे काम त्याचं आहे, माझं नाही.

"किती दिवस लागतील वाळायला?"

"घाई केली का काय होते ते तुमी पाह्यलं न परतवाड्याले," प्रशील म्हणाला. आवाजात कुठं टोमणा नव्हता. मिस्त्री गिऱ्हाईकाला काम समजावून सांगतो तेवढंच. "पुरा वाळू देतो या वक्ती. मंग तुमाले वाटन तं जोडून न्या, वाटन तं बॉडी बांधतो. कोनता बी रंग सांगा, हिरवा सांगा. रंगाचं माहं काही नाही."

ड्रायव्हरनं हसू दाबायला तोंड फिरवलं. बंटीदादांनी गॉगल डोक्यावरून काढून हातात घेतला. फोन काढला, कोणाला तरी लावायला गेले, खिशात ठेवला. गिअरबॉक्सशिवाय गाडी अमरावतीपर्यंत ओढून नेणं म्हणजे काय हे त्यांना कळत होतं. हे लोक जीपा ओळखतात, तेवढं खरं.

"उन्हात काहून उभे रायले?" आत्या आतून म्हणाली. तिनं स्टूल बाहेर आणून पत्र्याच्या सावलीत ठेवलं, शेडच्या तोंडाशी. दुसरी सावली तिथं नव्हती. "बसा. चहा ठेवतो. पन आत पाय नका टाकू, धूळ जाते."

बंटीदादा बसले. समोर निळी वाळत होती. चहा उकळेपर्यंत त्यांना पाहायला दुसरं काही नव्हतं.